तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, त्या अकरा आयसींबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, सूनबाई वाचून दाखवतीलच तुम्हाला.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. कळव्याला माझ्या मामाचं रेडिओ-टेप रिपेअरिंगचं दुकान होतं, ते बंद झालं तेव्हा सगळं भंगारात गेलं आणि एक फरसाणाचा डबा तेवढा माझ्याकडे आला. आत काळ्या फोममध्ये खोचलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आयसी, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या छोट्या चिप, अकरा एलएम ३८६ आणि दोन टीबीए ८१०. काहींवर ८४२३ छापलेलं, म्हणजे १९८४ चा २३वा आठवडा, माझ्याहून मोठ्याच की. पाय काळेठिक्कर. मी रात्री ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची भोकांची पाटी) सर्किट लावलं, नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा स्पीकर, आणि एकेक घालून बघत गेले. एकही बोलेना. पाच नंबरच्या पायावर, म्हणजे आउटपुटला, बॅटरीच्या निम्मे व्होल्ट यायला हवेत, तिथे दर वेळी जवळजवळ आख्खी बॅटरीच दिसत होती. म्हटलं गेल्या सगळ्या, डबा कचऱ्यात टाकायला निघाले आणि लिफ्ट बंद होती म्हणून (सोसायटीचे पण आभार मानायला हवेत खरं तर) जिन्यात तुम्ही भेटलात.

तुम्ही डबा उघडून बघितलात आणि बोललात, "अगं, अकरा जणी एका रात्रीत नाही मरत. आधी जी जिवंत आहे म्हणून माहितीय ती लावून बघ."

म्हणून दुसऱ्या दिवशी लोकलने दादरला बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवरून नवीन एलएम ३८६ आणली, वडापावच्या भावात. लावली तर ती पण मेलेली! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझ्या लांब ब्रेडबोर्डची निळी, मायनसची पट्टी मध्यावर तुटलेली असते आणि मी मायनस एका अर्ध्यात दिलेला, आयसी दुसऱ्या अर्ध्यात. चार नंबरच्या पायाला ग्राउंडच, म्हणजे मायनसच, नव्हतं, ती बिचारी काय बोलणार. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर टेस्टिंगला होतात तुम्ही, तुम्हाला जिन्यातच कळलं असणार, पण सांगितलं नाहीत, मला लॅमिंग्टन रोडपर्यंत पळवलंत. राग आला होता थोडा, आता नाहीये.

मग रविवारची ती दुपार. काळे पाय खोडरबरने घासायला लावलेत, वर म्हणालात चांदीचा मुलामा आहे, देवघरातलं निरांजन काळं पडतं तसंच हे, आतल्या चिपला काही झालेलं नसतं. मग तपासायला झिरो पीसीबीवर (सोल्डर करायची भोकांची कोरी पाटी) आठ पायांचा आयसी बेस, म्हणजे आयसी घालायचं-काढायचं सॉकेट, आणि बॅटरीच्या प्लसमध्ये शंभर ओहमचा, करंट अडवणारा रेझिस्टर. हे मला सगळ्यात आवडलं, कारण त्या रेझिस्टरवरच मीटर धरायचा, ०.४ व्होल्ट दिसले की आयसी ४ मिलीअँपिअर खातेय, ठणठणीत, ०.८ च्या वर गेलं की संशय. सातवी घातली आणि आख्खी बॅटरी रेझिस्टरवर आली, जळका वास सुटला, तुम्ही वायर उपटलीत. शॉर्ट. रेझिस्टर नसता तर आधी बॅटरी गेली असती.

मग रेझिस्टर काढून स्पीकर. आउटपुटला दहा ओहमचा रेझिस्टर आणि ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही जोडी मी लावलीच नव्हती, तर चांगली आयसी पण ऑसिलेट होऊन, म्हणजे आपोआपच सिग्नल काढत, गरम व्हायची आणि मी तिलाच नावं ठेवत होते. ती लावली, तीन नंबरच्या पायाला, म्हणजे इनपुटला, बोट लावलं, आणि घूंऽऽऽ. बॅटरीवर असून घूं कुठून, तर घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ माझ्याच अंगातून. आई स्वयंपाकघरातून ओरडली काय जळतंय म्हणून.

हिशोब असा, अकरापैकी आठ चांगल्या, एक शॉर्ट, एकीचं आउटपुट वरच चिकटलेलं, आणि एक लबाड. ती नुसती असताना सगळे आकडे बरोबर दाखवते आणि मोबाइलवरून आरती लावली की दोन मिनिटांत खरखरायला लागते. मी तिला पास करणार होते, तुम्ही "थांब, तापू दे" म्हणालात.

चांगल्या आठ मामाला दाखवल्या. तो काही बोलला नाही, एक उचलून शर्टाच्या खिशात टाकली, म्हणजे आता सात.

टीबीए ८१० च्या दोघी राहिल्यात अजून, त्यांचे बारा पाय वाकडेतिकडे, बेसमध्ये बसत नाहीत, आणि हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणारा पत्रा) जोरात वाजवायच्या नाहीत हे माझ्या लक्षात आहे. पत्रा कापून ठेवलाय. आणि तुमचा सोल्डर सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) माझ्याकडेच आहे, रविवारी तोच घेऊन येते, तेव्हा चहा घेईन.

तुमची,
पाचव्या मजल्यावरची