रुकी कार्ड हाती आलं तेव्हा

चिरंजीव लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खेळाडूंच्या कार्डांचं पाकीट फोडलंस, एका कार्डाच्या कोपऱ्यात ‘आरसी’, म्हणजे ‘रुकी कार्ड’, असा शिक्का दिसला आणि तू लगेच लिहिलंस, “आई, हे जपून ठेवू की विकू?” तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी त्या शिक्क्याविषयी थोडं. रुकी म्हणजे मुख्य लीगमधला नवखा खेळाडू.

बेसबॉलच्या कार्डांवर तो २००६ पासून येऊ लागला. त्याआधी खेळाडू खालच्या लीगमध्ये धडपडत असतानाच कंपन्या त्याची कार्डं छापून मोकळ्या व्हायच्या. मग त्यातलं रुकी कोणतं, यावरून घोळ व्हायचा. खेळाडूंच्या संघटनेनं नियम घातला की मुख्य लीगच्या संघात जागा मिळाल्याशिवाय शिक्का नाही. त्यामुळे रुकी कार्ड हे खेळाडूचं अगदी पहिलं छापील कार्ड असेलच असं नाही.

बेसबॉलपटू माइक ट्राउटचंच बघ. बोमन या कार्ड छापणाऱ्या नावाच्या संचात त्याचं कार्ड २००९ मध्ये आलं, तेव्हा एका संघानं त्याची निवड नुकतीच केली होती. मुख्य लीगमध्ये तो २०११ मध्ये उतरला आणि टॉप्स कंपनीच्या त्याच वर्षीच्या ‘अपडेट’ संचातलं कार्ड त्याचं रुकी ठरलं. पण २००९ च्या बोमनमधलं त्याच्या सहीचं एक कार्ड, जे जगात एकच आहे, २०२० मध्ये ३९ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. शिक्का नाही, रुकी म्हणून गणलं जात नाही, तरीही!

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तो १९८४ पासून शिकागो बुल्सकडून खेळत होता आणि स्टार नावाच्या कंपनीनं त्याची कार्डं तेव्हाच काढली होती. ती नेहमीच्या पाकिटांतून नाही, तर संघाच्या अख्ख्या संचाच्या पिशवीतून विकली गेली. म्हणून बहुतेक संग्राहक फ्लीअर कंपनीच्या १९८६-८७ च्या संचातलं ५७ क्रमांकाचं कार्ड रुकी मानतात. स्टारचं कार्ड आधीचं असूनही मागे का पडावं, हा वाद रंगतोच. मला विचारशील तर स्टारच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं रास्त वाटतं, पण बाजारानं फ्लीअरला कौल दिला आहे आणि विकत घेताना तोच कौल लक्षात ठेवावा लागतो.

आणि बेसबॉलपटू मिकी मँटल. त्याचं रुकी कार्ड १९५१ चं, बोमनचं. पण ज्या कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले ते १९५२ च्या टॉप्सचं, क्रमांक ३११, म्हणजे रुकी नव्हेच. संचाच्या शेवटच्या मालिकेतली ती कार्डं हंगाम संपत आल्यावर बाजारात आली, बरीचशी पडून राहिली, आणि उरलेला साठा पुढे समुद्रात बुडवल्याचं टॉप्सच्या साय बर्जर यांनीच सांगितलं होतं. ती दुर्मीळ का झाली, ते इथे कळतं.

उलट टोक म्हणजे १९८० च्या दशकाची अखेर आणि १९९० ची सुरुवात. तेव्हा कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्या काळातल्या बहुतेक रुकी कार्डांना आज फारशी किंमत नाही. अपर डेक कंपनीच्या १९८९ च्या संचातलं पहिल्या क्रमांकाचं, बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड मात्र आजही लोकांना हवंसं वाटतं. तू मागे लिहिलं होतंस की ‘जुनं म्हणजे महाग’, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता तुझं कार्ड. ते संचातलं साधं, म्हणजे ‘बेस’ कार्ड आहे, त्यावर कुठे ‘४/२५’ (पंचवीस प्रतींतली चौथी) असा क्रमांक ठोकलेला नाही, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती असणार. तोच फोटो वेगळ्या रंगाच्या किनारीत, मोजक्याच प्रतींत छापला की त्याला पॅरलल म्हणतात आणि मागणी त्याला जास्त असते. हल्ली एकेका रुकीचे इतके रंग निघतात की मला ते अति वाटतं. नव्यानं जमवणाऱ्या मुलांना त्यातून काय निवडावं ते कळेनासं होतं.

ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून श्रेणी घ्यायला, पाठवू नकोस. एक ते दहाच्या मोजपट्टीवर कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यभागी आहे का हे बघून श्रेणी देतात, पण साध्या कार्डाच्या किमतीपेक्षा त्याचं शुल्कच जास्त होईल. विकण्याचीही घाई नको. भाव बघायचाच असेल तर विक्रेत्यानं मागितलेली किंमत बघू नकोस, तसलं कार्ड प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघ. दहाची श्रेणी मिळालेलं जॉर्डनचं ते फ्लीअर कार्ड २०२१ च्या सुरुवातीला ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं होतं, आणि काही महिन्यांतच भाव निम्म्याहून खाली आला. त्याच कार्डाच्या नकलाही फार निघाल्या आहेत, तेव्हा असलं काही ग्रेडिंगशिवाय सुटं आणि स्वस्तात मिळालं तर हात आखडता घे.

एखादा ठरावीक खेळाडू हवा असेल तर पाकिटांमागे पाकिटं फोडण्यापेक्षा त्याचं एकच कार्ड सरळ विकत घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पाकीट फोडण्यातली मजा मला कळते, ती अधूनमधून जरूर घे.

हे कार्ड आधी मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घाल, मग टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. गठ्ठ्याला रबरबँड लावू नकोस, कडा दबतात. उन्हातही ठेवू नकोस. आणि हा खेळाडू तुला का आवडला ते लिही, पत्रात तेवढं राहूनच गेलं आहे.

तुझी,
आई