वाचनालयवाल्या आप्पांना

आप्पा, रामराम. फोन केला असता तर तुम्ही 'बरं बरं' म्हणून ठेवून दिला असता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

अकरावीच्या सुट्टीत मी वाचनालयात यायचो ते पुस्तकांसाठी नाही, तुमच्या माठातल्या पाण्यासाठी. आपल्या जळगावकडचा मे, पारा ४४-४५, दुपारी गावात उघडी असलेली तेवढीच एक थंड खोली. तिसऱ्या दिवशी तुम्ही एक पुस्तक हातात दिलं आणि परत करताना गोष्ट नाही विचारली, विचारलं, "कोनाचा राग आला रे भो?" मला सांगताच येईना. मग पुन्हा वाचलं. आणि पुढे तर ज्याचा राग आला त्याचीच बाजू मांडून दाखव म्हणायचे, त्याशिवाय दुसरं पुस्तक नाही, भलतंच छळलं तुम्ही!

बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा घरी 'त्याचं काय लोणचं घालशील' सुरू होतं, आणि पुण्यात होस्टेलवर पोरं माझ्या 'पानी', 'कोनी'वर हसायची, महिनाभर रूमवर ण घोकत होतो, खरं सांगतो. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही बहिणाबाईंचं काढलं. आसोद्याची लेक, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर नि शेतात गायलेलं मुलाने, सोपानदेवांनी, नि घरच्यांनी उतरवून ठेवलं, १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला पुस्तक आलं, तेही आपल्याच बोलीत. "आसोदा काय लांब आहे का?" एवढंच म्हणाले तुम्ही. ण घोकणं त्या दिवशी बंद.

आता मी पीकविम्याचे पंचनामे करतो, म्हणजे कवितेचा तसा काही संबंध नाही. पण गेल्या जूनच्या वादळात एका बाबांची केळीची बाग आडवी झालेली आणि ते नुकसान सोडून विकलेल्या बैलाचंच सांगत होते, माझ्यासोबतचा म्हणे मुद्द्यावर या बाबा. मी म्हटलं बोलू दे. अर्ध्या तासाने बैल कोणत्या कर्जापायी विकला ते आलं, मग बागेचं आलं, मग रडले. हे थांबणं मला ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं आप्पा, ते तुमच्या 'त्याची बाजू मांड'मधून आलेलं.

आजीच्या ओव्या लिहून घेतोय, दोनशे पानी वही संपत आली. हिवाळ्यात भरीत-पुरीला येईन तेव्हा वही आणतो, तुमच्या रजिस्टरात नोंद करा. वाचून झाली की यावेळी मी विचारणार, कोनाचा राग आला?

तुमचा,
माठातलं पाणी संपवणारा