मानमोडीची लस राहिली असेल तर बघा
मंडळी, परसात कोंबड्या असतील त्यांनी राणीखेत म्हणजे मानमोडी रोगाची लस याच आठवड्यात करून घ्या, एकदा खुराड्यात रोग शिरला की त्याला औषध नाही, आख्खं खुराडं रिकामं होतं. पिल्लांना 5 ते 7 दिवसांत लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, 8 आठवड्यांच्या झाल्या की याच रोगाच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. बाटलीत लई डोस असतात म्हणून गल्लीतल्यांनी मिळूनच आणा, अन् आणताना बर्फ पाहिजेच, आपल्या मराठवाड्याच्या उन्हात लस घरी येईस्तोवर खराब होते! लस कालवली की 2 तासांत संपवा, दुपारी टोचू नका. सुस्त कोंबडी वेगळी ठेवा, तिला लस नको. बदकंवाल्यांनी बदकांचं पाणी कोंबड्यांच्या खुराड्यापासून लांब ठेवा, ओल झाली की कोंबड्यांना त्रास होतो.