शेवटच्या कडव्यातला ‘मोलाचा संदेश’

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत रसग्रहणाचे नमुने छापून येतात. शेवटच्या कडव्याची बोळवण त्यांत बहुधा एकाच वाक्यात होते: ‘शेवटी कवीने मोलाचा संदेश दिला आहे.’ मग तो अभंग असो, सुनीत असो की गझल! या कडव्याचे काम रचनेगणिक बदलते. म्हणून आधी रचना तपासावी, भावार्थ नंतर लिहावा.

मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, अक्षरे 6-6-6-4, एकूण 22. (जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही.) ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ या नाममुद्रांत (कवीच्या नावाच्या खुणांत) 4 अक्षरे खर्ची पडतात, ‘एका जनार्दनी’ तर पहिला चरण सबंध व्यापते. उरलेल्या 16-18 अक्षरांत सांगणे आटपायचे, त्यामुळे कर्ता अध्याहृत राहतो, क्रियापद गळते. विद्यार्थी नेमका इथे अडतो आणि मागच्याच कडव्याचा अर्थ पुन्हा लिहून मोकळा होतो. त्याने आधी अन्वय (शब्दांचा सरळ क्रम) लावावा, गाळलेले शब्द कंसात भरावेत, मग बोलणे कोणाशी चालले आहे ते पाहावे: विठ्ठलाशी, श्रोत्यांशी की स्वतःच्या मनाशी? आधी वर्णन आणि शेवटी एकदम संबोधन, असे पुष्कळदा घडते. शिवाय अभंग गाताना शेवटच्या कडव्यानंतर धृपद (पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ) परत येते. ते जोडून वाचल्याशिवाय अर्थ पुरा झाला असे धरू नये.

सुनीताच्या ओळी 14. यमकांना अ, ब, क अशी अक्षरे दिली की बांधणी दिसते. ओळींची विभागणी 8+6 असेल तर कलाटणी (विचाराचे वळण) साधारण नवव्या ओळीपाशी येते. 4+4+4+2 असेल तर बहुधा शेवटच्या दोन ओळींत. पहिल्या प्रकारात शेवटच्या दोनच ओळी तोडून अर्थ सांगितला, तर कलाटणीच हातची जाते.

गझलेत तर सारांश शोधूच नये. तिथला प्रत्येक शेर (दोन ओळींचा) अर्थाने स्वतंत्र असतो. मक्ता, म्हणजे शेवटचा शेर, इतर शेरांशी बांधलेला असतो तो वृत्ताने, काफिया-रदीफाने (यमकाने आणि त्यामागून जशाच्या तशा येणाऱ्या शब्दांनी). विषयाने असेलच असे नाही. त्यात कवीचे टोपणनाव येते, आणि हल्ली अनेक गझलांत तेही नसते.

एक विनंती. जागा कमी पडली की नमुन्यातली धृपदाची ओळ आधी कापली जाते. ती कृपया राहू द्यावी.

मराठीचे एक शिक्षक