फुलोऱ्याच्या दिवसांत कोयता नको

गावाबाहेरील रस्त्यांच्या कडेची झुडपे तोडून आणि पालापाचोळा पेटवून ग्रामस्थांनी परिसर ‘चकाचक’ केल्याची कौतुकपर बातमी वाचली. श्रमदानामागील तळमळ निश्चितच स्तुत्य आहे. मात्र ज्याला कचरा समजून साफ केले जाते, त्यातले बरेच काही फाल्गुन-चैत्रात ऐन फुलोऱ्यावर असते. बांधावरची करवंदाची जाळी या दिवसांत पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि मे महिन्यात कातकरी-ठाकर स्त्रिया पानांच्या द्रोणांतून जी करवंदे विकतात, ती याच जाळ्यांची असतात. धायटीच्या लाल, नळीसारख्या फुलांवर शिंजीर हे मध पिणारे चिमुकले पक्षी येतात, तर जमिनीलगतचा भुईगेंद, आजूबाजूचे गवत वाळून गेलेले असतानाही, कडक उन्हात फुललेला दिसतो; नेमका तोच काटेरी गोळा म्हणून सर्वांत आधी खुरप्याने उपटला जातो, हे मला फार खटकते. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली असून, त्यासाठी ५ हजार रुपयांपासून दंड सांगितला आहे. तेव्हा अशा मोहिमांत प्लास्टिक, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या जरूर उचलाव्यात, पालापाचोळा खड्ड्यात कुजवून त्याचे खत करावे आणि झुडपांची छाटणी करवंदांचा हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलावी. ग्रामपंचायतींनी तसा ठराव येत्या ग्रामसभेतच मांडावा.

— एक वाचक, भोर (जि. पुणे)