शिफारस छापता, मग तिची श्रेणी का गाळता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा तो तज्ज्ञांच्या घूमजावचा लेख वाचला आणि इतकी चिडचिड झाली की आज बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय. लेखाचा सूर असा की हे कमिटीवाले आज एक सांगतात, उद्या दुसरं, आधी ॲस्पिरिन घ्या म्हणाले, आता घेऊ नका म्हणतात, मग सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर? ॲस्पिरिनचा हा विषय आमच्या घरात होऊन गेलाय, म्हणून सांगते, कमिटीने काय म्हटलं होतं ते मी शब्दन् शब्द वाचलंय आणि पेपरात काय छापून आलं होतं तेही वाचलंय. दोन्ही एक नव्हतं.

२०१६ साली अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सची (आजार टाळायला काय करावं हे पुरावा तपासून सांगणारी तज्ज्ञांची कमिटी) शिफारस आली तेव्हा एका पेपरात (तुमच्या नव्हे) बातमी होती, पन्नाशीनंतर रोज छोटी ॲस्पिरिन घेतली की हार्ट अटॅक टळतो. माझे बाबा तेव्हा ६८ चे. हृदयाचा कसलाच त्रास नव्हता. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, छापील शब्दावर प्रचंड विश्वास. त्यांनी ते कात्रण कापून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आणि गोळी सुरू केली. गुडघ्यांसाठी पेनकिलर आधीपासून चालूच होती. अडीच वर्षांनी एका पहाटे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण उगाच काळजी नको म्हणून घरात कुणाला बोलले नव्हते. हिमोग्लोबिन सहावर आलेलं, रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या, दुर्बीण घालून बघितलं तर जठरात रक्त वाहणारा अल्सर. डॉक्टरांनी विचारलं ही गोळी तुम्हाला कुणी लिहून दिली, तर बाबा म्हणाले, पेपरात आलं होतं. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

बाबा वाचले. घरी आल्यावर मी मूळ शिफारस शोधून वाचली. त्यात सगळ्यांना एकच सल्ला नव्हताच. ५० ते ५९ वयासाठी बी श्रेणी होती, म्हणजे घ्या असा सल्ला, आणि तोही अटींसकट: पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकची शक्यता किमान १० टक्के हवी, रक्तस्रावाचा धोका वाढलेला नको, दहा वर्षं रोज गोळी घ्यायची तयारी हवी. ६० ते ६९ साठी सी, म्हणजे प्रत्येकाचं बघून ठरवा, सरसकट नको. आणि सत्तरीपुढे आय, म्हणजे घ्या की घेऊ नका हे सांगण्याइतका पुरावाच आमच्याकडे नाही. कमिटीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की आम्हाला माहीत नाही! बातमीत यातलं एक अक्षर नव्हतं. पेनकिलर घेणाऱ्या ६८ वर्षांच्या माणसाने ही श्रेणी वाचली असती तर निदान डॉक्टरांना विचारलं असतं.

आता तुमचा लेख म्हणतो २०२२ ला ते फिरले. अहो फिरले नाहीत, मधल्या काळात उत्तर मिळालं. २०१८ मध्ये, बाबा पडले त्याच सुमारास, ॲस्प्री नावाच्या चाचणीचे निकाल आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ धडधाकट वयस्कर लोक, बहुतेक सत्तरीपुढचे, निम्म्यांना ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार दर हजार माणसांमागे वर्षाला ॲस्पिरिनवाल्यांत १०.७, खोट्या गोळीवाल्यांत ११.३, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. मोठा रक्तस्राव मात्र ८.६ विरुद्ध ६.२. त्याच वर्षी आणखी दोन मोठ्या चाचण्या आल्या. हे सगळं तराजूत घालून २०२२ ला कमिटीने सांगितलं की साठीपुढे ज्यांना हृदयविकार नाही त्यांनी ही गोळी नव्याने सुरू करू नये, आणि ४० ते ५९ मध्ये धोका जास्त असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाले, माहिती आली तेव्हा बदललं. मला हे लोक जास्त भरवशाचे वाटतात.

(इथे एक गोष्ट कृपा करून गाळू नका: ज्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय त्यांचा हिशोब वेगळा आहे, त्यांनी माझं पत्र वाचून गोळी बंद करू नये.)

लेखात हार्मोनच्या गोळ्यांचाही उल्लेख आहे, तोही तसाच अर्धवट. पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं आधी दिसत होतं ते नुसत्या निरीक्षणातून, आणि गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या, मग श्रेय गोळीचं की त्यांच्या राहणीचं? १६,६०८ बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून चाचणी केली तेव्हा २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली, फायदा सोडा, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या आणि स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनासुद्धा वापरते त्या, पुरावा किती भरवशाचा हे ठरवायच्या ग्रेड पद्धतीत निरीक्षणाचा पुरावा सुरुवातीलाच खालच्या पायरीवर ठेवतात आणि चिठ्ठ्यांवाली चाचणी वरच्या. आणि वरच्या पायरीवर बसली म्हणून तिथेच राहते असंही नाही, चाचणी ढिसाळ असेल, वेगवेगळ्या चाचण्या वेगवेगळं सांगत असतील, माणसं कमी असतील, किंवा चाचणी तरुणांवर आणि सल्ला म्हाताऱ्यांना असेल तर तिला खाली उतरवतात. शेवटी खात्री जास्त, मध्यम, कमी, अगदी कमी यातली कुठली ते लिहितात, आणि शिफारस पक्की की सशर्त तेही. सशर्त म्हणजे अनेक लोक विचार करून नको म्हणतील आणि ते चूक ठरणार नाहीत. हे सगळं मूळ कागदावर असतं हो, शोधावं लागत नाही. बातमी करताना नेमका तेवढाच शब्द गळतो आणि सशर्त शिफारस वाचकाच्या हातात हुकूम म्हणून पडते.

विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्न विचारायचाच असेल तर कमिटीत कोण बसलंय, त्यातल्या किती जणांना औषध कंपन्यांकडून पैसे मिळतात हे छापा. २०११ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगून ठेवलंय की हितसंबंध असलेले सदस्य कमिटीत अल्पसंख्यच असावेत आणि अध्यक्षाला तर हितसंबंध नसावेतच. तुमच्या लेखात नुसतं 'तज्ज्ञांच्या मते'. कोण तज्ज्ञ, कुठली कमिटी, कुठलं वर्ष, काही नाही.

आणि जाता जाता, मागच्या वर्षी मी याच विषयावर तुम्हाला पत्र पाठवलं होतं. तुम्ही ते छापलंत, त्याबद्दल आभारी आहे, पण बी, सी आणि आयवाला परिच्छेद काढून टाकलात आणि उरलं काय तर बाबांना गोळीने त्रास झाला एवढंच. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका बाईंचा फोन आला, त्यांच्या मिस्टरांना स्टेंट आहे, पत्र वाचून त्यांनी गोळी बंद केली होती. मी अर्धा तास समजावून ती परत सुरू करायला लावली. म्हणून या वेळी जागा कमी असेल तर बाबांची हकीकत कापा, आकडे, श्रेण्या आणि कंसातलं वाक्य राहू द्या. तेवढं जमणार नसेल तर पत्र छापूच नका.

आपली,
एक नियमित वाचक