दहावीचे पेढे

प्रिय राजा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या खोकल्याचं विचारलं, तर तू म्हणालास, "मी ठीक आहे, तू ताईकडे बघ." तीन वर्षं मी हेच ऐकतेय. आणि ते खरं मानणं माझ्या सोयीचं होतं.

ताईने आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. मला कौतुकच वाटलं. लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, "बारीक झालीस गं, छान दिसतेस." पाळी थांबली तेव्हा आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. मे महिन्यात तिचे हात गार पडायचे, दंडावर बारीक लव आली होती. मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचायला 8 महिने गेले. ॲनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार, हा शब्द तिथे पहिल्यांदा ऐकला, आणि मानसिक आजारांत सर्वांत जास्त जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे हेही.

तू एकदा चिडून म्हणालास, "आपल्याला शिरा करून घालते, दिवसभर रेसिपी बघते आणि स्वतः चमचाभर खात नाही. नाटकं आहेत तिची." मी तुला गप्प केलं, समजावलं नाही. आज सांगते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांतले कितीतरी जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटातलं चिवडत राहायचे, क्षुल्लक गोष्टींवरून भडकायचे, माणसांत मिसळेनासे झाले. त्यांना जाड होण्याची भीती नव्हती. नुसत्या उपासमारीने त्यांचं हे झालं. ताट ढकलून तुझ्यावर ओरडायची तीही बरीचशी उपासमारच होती रे.

"सलाईन लावा, चार दिवसांत उभी राहील," असं मावशी सांगायची. पण फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयही बंद पडू शकतं. म्हणून दवाखान्यात खाणं बेताबेताने वाढवत होते आणि रोज रक्त तपासत होते. असाच एक रिपोर्ट यायचा होता, त्या दुपारी तुझा दहावीचा निकाल लागला. तू घरी एकट्याने बघितलास. मला मेसेज केलास, "88 टक्के. ताईचं काय?" मी नुसता अंगठा पाठवला.

तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

मग घरी आल्यावर प्रत्येक जेवणाला मी तिच्याशेजारी बसायचे, एकेका पोळीला दीड-दीड तास. तू ताट घेऊन आतल्या खोलीत जायचास. बाबांनी रात्रपाळी मागून घेतली होती. चौघं एकत्र कधी जेवलो, मला आठवत नाही. तुला आठवतं?

दिवाळीला येशील तेव्हा तुझे दहावीचे पेढे आणायचेत. कुठल्या दुकानातले, ते तू सांग. ताईही असेल. तिने पेढा घेतला की ठेवला, ते ती आणि मी बघू. तू तिच्या ताटाकडे बघायचं नाहीस.

आणि खोकल्याचं खरं काय ते कळव.

तुझी,
आई